पऱ्हाटीची राख

माझा थोरला भाऊ, दादा, गेल्यापासून माय गडवा, पाणी प्यायचा पितळी तांब्या, घासत बसायची. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. आधी चिंचेचा कोळ, मग चुलीतली राख. पितळ झळझळायचं, तरी तिचा हात थांबत नसे.

शेजारची काकू एकदा कुंपणावरून म्हणाली, "काय वो बाई, भांडं घासून राह्यल्या का त्यातून सोनं काढून राह्यल्या?" मायनं राखेची आणखी एक चिमूट घेतली.

दादा घरी होता त्या शेवटच्या दुपारी तो कपाशीवर औषध फवारून आला होता. त्या साली बोंडअळी आवरत नव्हती. पऱ्हाटी छातीच्या वर वाढलेली, वारा उलटा, पंप गळून पाठीवरचा सदरा ओला. हात न धुताच त्यानं पाणी मागितलं. मायनं गडवा भरून दिला. तो घटाघट प्यायला आणि "माय, दिसून नाही राह्यलं मले" म्हणत उंबऱ्यावर बसला. यवतमाळच्या दवाखान्यातून त्याला आम्ही चादरीत गुंडाळून आणलं.

विष कातडीतून भिनलं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मायला ते किती परींनी समजावलं.

"पाणी तं मीच देल्लं ना त्याले," एवढंच ती म्हणायची.

तिच्या लेखी औषध गडव्यात होतं, माठात होतं, घरातल्या प्रत्येक भांड्यात होतं. तिनं घरचं पाणी सोडलं. हातपंपावर जाऊन ओंजळीनं प्यायची, पण पाय चालेनात तसं तेही सुटत गेलं. ओठ फुटले, लघवीला जळजळ होऊ लागली. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना पाणी पाजा, नाहीतर ह्याही जातील."

मी वणीच्या शाळेतून रजा घेऊन आले होते. येताना भांडी धुण्याच्या साबणाची बाटली आणली. मायनं ती दुरूनच पाहिली. "झाकण पाह्य तिचं. औषधाच्या डब्ब्याले असंच होतं."

मग मी दुकानाचं काहीच वापरायचं नाही असं ठरवलं. रिठे फोडून भिजत घातले, दुसऱ्या दिवशी लिंबाच्या सालींसोबत उकळले, कुस्करले. पांढरा फेस वर आला. माय भिंतीला टेकून बघत होती. कितीतरी दिवसांनी तिचं कशाकडे तरी लक्ष लागलं होतं. मी राखेसाठी चुलीत हात घातला आणि तिनं माझं मनगट धरलं.

"थे पऱ्हाटीची राख हाय."

"मंग?"

"दरसाली फवारतोच ना आपण तिच्यावर? तेच पऱ्हाटी जाळतो, तिचीच राख भांड्याले लावतो. काय धुतलं मी इतके दिवस?"

मी स्वयंपाकघरात नजर फिरवली. चुलीशी पऱ्हाटीची मोळी. भांडी पुसायला दादाच्या जुन्या सुती सदऱ्याचं फडकं. देवापुढं वात, डब्यात सरकीचं तेल. सगळं त्याच झाडाचं. क्षणभर मलाही माझ्या हातांचा वास घ्यावासा वाटला.

नाल्याकाठून वाळलेली बाभूळ आणली. अंगणात नव्या विटा मांडून जाळली. राख फडक्यानं नाही, पिठाच्या चाळणीनं चाळली. फडक्याऐवजी वाळल्या गिलक्याची जाळी घेतली. मायनं स्वतः गडवा घासला, रिठ्याच्या पाण्यानं धुतला, पुन्हा धुतला. मी हातपंपाचं पाणी भरलं आणि गडवा तिच्यापुढं धरला. तिनं तोंड फिरवलं.

म्हणून मी तोंडाला लावला आणि दोन घोट प्याले.

तिनं तो हिसकून फेकला आणि त्या गडव्यालाच म्हणाली, "एक नेला थे पुरलं नाही काय तुले?"

गडवा अंगणात गडगडत गेला, त्याला पोचा आला. माय माझ्यासमोर बसली आणि माझे डोळे पाहत राहिली. ऊन कौलांवरून उतरलं तरी पाहत होती.

"अंधारी येते का?"

"नाही."

"मळमळ?"

"नाही, माय."

मग ती उठली. गडवा उचलला, पुन्हा घासला, भरला आणि माझ्या हातात दिला. "तू वत."

गडव्याला ओठ न लावता तिनं ओंजळ धरली. मी ओतत गेले. अर्धं पाणी कोपरावरून ओघळलं, अर्धं ती प्यायली.

मला वाटलं, आता सुटलो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आधी मी प्यायचं, तिनं थांबून पाहायचं. रजा संपली तशी मी तिला वणीला नेलं, सोबत बाभळीच्या राखेचा डबा आणि रिठ्यांची पिशवी. कोळशाच्या ट्रकांच्या धुळीनं तिथं भांडी काळी पडत. ती घासत बसे.

ती गेली त्या दिवशीही पाणी आधी मीच प्याले होते. ती माझे डोळे पाहत होती. ओंजळ तिनं पुढं केली नाही.