पाणी उतरेपर्यंत

“गाल फुगव रे! वाजवू नकोस, पण निदान गाल तरी फुगव!”

घोड्यापुढे चालणारा लाल कोटातला एक माणूस तोंडातली क्लॅरिनेट क्षणभर बाजूला करतो, मागे न बघता असा खेकसतो आणि सूर तुटायच्या आत पुन्हा सुरात शिरतो. हे तुम्ही कुठल्याही वरातीत पाहिलं असेल, तर तुम्ही आमच्या मास्तरांना पाहिलंय. पुण्यात ज्यांची लग्नं झाली त्यांतल्या निम्म्यांना मास्तरांनीच कार्यालयाच्या दारापर्यंत पोचवलं. उरलेल्यांनी पळून जाऊन केली.

ही गाल फुगवायची भानगड काय, ते आधी सांगतो. पार्टीला, म्हणजे लग्नवाल्यांना, बँड भरगच्च लागतो. आता भरगच्च वाजवणारे आणायचे कुठून? मग ज्याला कोट बसेल तो उभा करायचा. भाजीवाला, रंगारी, स्वारगेटला साताऱ्याची गाडी चुकलेला एखादा पाहुणा. त्याच्या हातात ट्रंपेट द्यायचं आणि बजावायचं, ओठाला लाव, फुंकू नकोस. अशांना आम्ही ‘मुके’ म्हणतो. मास्तरांचा मुक्यांवर फार राग. म्हणायचे, “ताट उष्टं करायचं आणि जेवायचं नाही, ही कुठली रीत?”

मी त्यांच्या मागे मोठा ढोल बडवत उभा जन्म काढला, त्यामुळे सांगायचा अधिकार मला आहे. सदाशिव पेठेत एकदा भर दुपारी त्यांनी वरचा सूर असा धरला, की तक्रार करायला गॅलरीत आलेले एक आजोबा तक्रारच विसरले. आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरले आणि वरातीबरोबर जाऊन जेवूनच परतले. मी डोळ्यांनी पाहिलंय. सदरा घालताना नाही पाहिलं, पण तिसरी जिलबी घेताना पाहिलं.

मास्तरांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तिथून सगळं सुरू झालं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात. तपासलं, तर डोळा राहिला बाजूलाच, रक्तात हेपटायटिस सी निघाला. फार वर्षांपूर्वी आमचा टेंपो दिवे घाटात उलटला होता. मास्तरांना रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. तेव्हा रक्तात हे असलं काही शोधत नसत. त्यातूनच आला असावा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे पेठेतल्या जुन्या भाडेकरूसारखा हा इतकी वर्षं लिव्हरमध्ये गुपचूप राहत होता आणि घर आतून पोखरत होता.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. “काका, हा आजार बरा होतो. गोळ्या आहेत. काही महिने रोज घ्यायच्या. पण तुमचं लिव्हर फार थकलंय, पोटात पाणी झालंय. आधी पाणी उतरू दे, राहिलेले रिपोर्ट येऊ देत, मग गोळ्या सुरू करू. आणि वाद्य अगदी बंद. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. जोर लावलात तर फुटतील.”

मास्तर म्हणाले, “म्हणजे आतलं सगळं फुगणार, आणि गाल तेवढे मी बसवायचे?”

बाई हसल्या. मी मोठ्यांदा हसलो, कारण मास्तर हसत नव्हते.

त्या दिवसापासून मास्तरांची झोप उडाली, पण ती स्वतःसाठी नाही. नवी रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी, आली की ती आधी स्वतःच्या तोंडात भिजवायची, दोन सूर काढून बघायचे आणि मगच वादकाला द्यायची, ही त्यांची सवय. ट्रंपेटंसुद्धा आधी स्वतः फुंकून बघायचे. “अहो ढोलवाले,” ते मला म्हणाले, “मी सगळ्यांना माझ्या तोंडचं विष दिलं हो.” किती समजावलं, पटेना. शेवटी एका सकाळी दुपारच्या वरातीसाठी कोट-टोप्या चढवून आम्ही तयार झालो, तेव्हा त्यांनी अख्खा बँड रस्त्यात वळवला आणि सरकारी दवाखान्यात नेऊन उभा केला.

रक्ततपासणीच्या रांगेत लाल कोट, सोनेरी झालरी, डोक्यावर तुरे! वॉचमन धावत आला. “ओ, इथं वाजवायचं नाही!” बाकावरच्या एका म्हातारीने विचारलं, “कोण बरं होऊन घरी चाललंय गं बाई एवढं वाजतगाजत?”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “काका, हा थुंकीतून पसरत नाही. रक्तातून पसरतो.”

“तरी बघा,” मास्तर म्हणाले.

सगळ्यांचं रक्त काढलं. मुक्यांचंही. मी ढोल काही तोंडाने वाजवत नाही, तरी माझंही काढायला लावलं. मी सुईला भ्यालो नाही. नर्सबाईंचा हात धरला तो त्यांना धीर द्यावा म्हणून. सगळे स्वच्छ निघाले. मास्तरांनी तुरा काढून मांडीवर ठेवला आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले. “चला. हे तरी कुणाला दिलं नाही.”

मग वाट बघणं सुरू झालं. दर सोमवारी दवाखाना. वजन करायचं, पोटाचा घेर मोजायचा, आणि ‘अजून नाही’ ऐकून परत यायचं. कधी रिपोर्ट आलेला नसायचा, कधी पाणी उतरलेलं नसायचं. एकदा दोन्ही जमलं, तर ताप भरला. घरी भाभी, मास्तरांच्या बेगम, बिनमिठाचं जेवण करायच्या. मास्तर निमूटपणे जेवायचे. एरवी बिर्याणीत मीठ कमी पडलं म्हणून नवरदेवाच्या बापाला ऐकवणारा हा माणूस! दिवसभर बँडच्या दुकानात खुर्चीवर बसून राहायचे. हातपाय काटक्यांसारखे, डोळे पिवळे, पोट तेवढं पुढे. समोरच्या पेपरवाल्याने विचारलं, “काय मास्तर, तब्येत?” तर म्हणाले, “खडकवासल्याचं पाणी उतरलं की पहिल्या पानावर छापता. माझं उतरलं की आतल्या पानावर तरी छापा.”

पेपरवाला हसत गेला. तो गेल्यावर मास्तर हळूच म्हणाले, “गोळ्या कुठं आहेत ते मला माहीत आहे, ढोलवाले. बाईंच्या मागच्या कपाटात. मी इकडे, गोळ्या तिकडे. मध्ये फक्त माझं पोट.”

अशात एक लग्न आलं. नवरदेवाच्या बापाच्या वरातीत मास्तरांनीच वाजवलं होतं. तो दुकानात येऊन बसला. मास्तर पुढे नसतील तर बँडच नको, म्हणाला. आम्ही नाही नाही म्हणतोय तोवर मास्तर ‘हो’ म्हणून मोकळे.

कोटाची बटणं लागेनात. भाभींनी पाठीमागची शिवण उसवून दिली आणि वरून उपरणं सोडलं. दुसऱ्या रांगेत मास्तरांचा भाचा क्लॅरिनेट घेऊन उभा राहिला. वाजवायचं त्याने. पुढे घोड्यासमोर मास्तर चालणार. ओठाला क्लॅरिनेट, छिद्रांवर बोटं, सूर भाच्याचे. बोटं मात्र एकही सूर चुकली नाहीत. आणि गाल? मी ढोल बडवता बडवता बाजूला सरकून पाहिलं. गाल फुगवलेले होते. आत हवा होती, ती पुढे जात नव्हती.

कुणाला काही कळलं नाही. नवरदेवाच्या बापाने मिठी मारली. “मास्तर, आवाज तोच आहे हो अजून!”

वरात कार्यालयात शिरल्यावर मास्तर फुटपाथवर बसले. आमच्यातला तो भाजीवाला मुका पाणी घेऊन आला. मास्तरांनी पाण्याआधी त्याचा हात धरला. “तुला फार बोललो रे मी. हे वाजवण्यापेक्षा अवघड आहे.” भाजीवाला घाबरला. इतक्या वर्षांत मास्तर त्याच्याशी खालच्या आवाजात कधी बोललेच नव्हते. “असं काय करता मास्तर,” म्हणाला आणि उगाचच आपलं ट्रंपेट पुसत बसला.

पुढच्या सोमवारी काटा खाली आला. पाणी उतरलं होतं, रिपोर्टही सगळे हातात होते. बाई म्हणाल्या, “काका, आता पुढच्या सोमवारी गोळ्या सुरू.” मास्तर त्या बाईंच्या पायाच पडायला निघाले. मी धरलं म्हणून, नाहीतर वाकल्यावर उठवायला क्रेन लागली असती. परतताना रिक्षात त्यांनी पुढचा सगळा सीझन ठरवून टाकला. भाच्याला कुठलं गाणं द्यायचं, मी कुठे ठेका चुकवायचा नाही, नव्या कोटांना कुठला रंग घ्यायचा. रिक्षावाला मध्येच म्हणाला, “काका, उतरायचं कुठं?” त्यांना ऐकूच गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या त्याच शिरा. भाभींनी मला फोन केला. आम्ही दवाखान्यात नेलं. बाई स्वतः धावत खाली आल्या, नळ्या घातल्या, रक्त चढवलं. दुपारपर्यंत सगळं संपलं. बाई बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसल्या.

संध्याकाळी जनाजा निघाला. आम्ही सगळे पांढऱ्या सदऱ्यांत, हात रिकामे. तुम्ही जनाज्याबरोबर चालला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, जनाजा भरभर नेतात. तशी रीतच आहे. आणि बँडवाल्याचे पाय म्हणजे मुंगीचे. वरात जितकी रेंगाळेल तितकी पार्टी खूश, म्हणून दोन पावलं चालायचं आणि उभं राहायचं, असा आमचा जन्म गेलेला. खांदा देणारे पुढे सटासट निघाले. आम्ही निघालो, आणि दोन पावलांवर अख्खा बँड आपोआप थांबला. पुन्हा निघालो, पुन्हा थांबलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मान वर केली तेव्हा जनाजा पुढच्या चौकात वळत होता. भाजीवाला म्हणाला, “अहो, मास्तर पुढे गेले की!”

मग आम्ही पळत सुटलो. माझ्यासारखा जाडजूड माणूस, पोटावर ढोल नाही, हात कुठे ठेवायचे कळत नाही, भर रस्त्यात पळतोय. मागून गाड्या हॉर्न देत होत्या आणि आम्ही काही केल्या त्यांना गाठू शकत नव्हतो.