पिंजरा कोणी पुसायचा

माझ्या मुलीच्या नवव्या वाढदिवसाला आम्ही दोन गिनीपिग आणले. पिंजरा रोज मीच साफ करणार, असं तिने कबूल केलं होतं. आठवडाभर केलाही. मग तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी त्यात हात घातला आणि ते काम दोघींचं होऊन गेलं.

मी तळेगावच्या शाळेत शिकवते. लोणावळ्याला घरी यायला मला साडेपाच होतात. मुलगी दुपारी एकलाच घरी येते, तेव्हापासून मावशी तिच्याजवळ असतात. त्या पवना धरणाकडच्या एका गावातल्या, शेतकरी घरातल्या. अर्धं आयुष्य गोठा झाडण्यात गेलेलं. ओले कागद गुंडाळून टाकायचे, ट्रे गरम पाण्याने घासायचा, पंख्याखाली खडखडीत वाळवायचा, मग नवे कागद आणि वर सुकं गवत, हे त्यांनी मुलीला आठ दिवसांत शिकवलं. आमच्याकडे पावसाळ्यात कपडेसुद्धा वाळत नाहीत, पण पिंजरा कधी ओला दिसला नाही.

मावशींची चप्पल दारात वाजली की गिनीपिग शिट्ट्या मारत जाळीला येऊन चिकटायचे. मला बघून खोक्याखाली पळायचे. त्याचं मला हसू यायचं, निदान मी हसून दाखवायचे.

एका संध्याकाळी मी किल्लीने दार उघडून आत आले. दोघी गॅलरीत पिंजऱ्यापाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मुलगी सांगत होती, "मला नाचातून काढलं मावशी. मी बाथरूममध्ये जाऊन रडले."

"आईला सांगितलं का?"

"नाही. तिला नको सांगू."

आदल्याच रात्री मी तिला विचारलं होतं, शाळेत काय झालं? "काही नाही," म्हणाली होती. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. तशीच पुढे होऊन म्हणाले, "मावशी, उद्यापासून पिंजरा मी बघेन."

"बरं ताई," त्या म्हणाल्या. त्यांनी कारण विचारलं नाही. मुलीने मात्र माझ्याकडे रागाने पाहिलं.

मी पहाटे उठून सफाई करू लागले. माझा पिंजरा त्यांच्यापेक्षा चकचकीत दिसायला हवा होता. मी ट्रे फिनेलने पुसायचे, तेही दाट. वाळवायला वेळ नसायचा, तसेच वर कागद अंथरायचे. गॅलरीभर दवाखान्यासारखा वास सुटायचा आणि मला तो आवडायचा. मावशींनी एकदाच म्हटलं, "ताई, वास लय उग्र हाय. आमी गोठ्यात बी असलं टाकत न्हाई." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाचव्या दिवशी तपकिरी गिनीपिग अंग फुगवून कोपऱ्यात बसला. शिंकत होता, कोथिंबिरीलाही तोंड लावेना. मी आल्या आल्या आम्ही तिघी रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. तो मावशींच्या मांडीवरच शांत राहायचा, म्हणून टोपली त्यांच्याकडे होती. डॉक्टरांनी त्याला हुंगलं आणि थेट मावशींना विचारलं, "पिंजरा फिनेलने पुसता का? यांच्या छातीला ते सोसत नाही. इतकंही कळू नये?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून पैसे काढू लागले.

"चुकलं डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आता न्हाई टाकणार."

औषध घेतलं, बाहेर आलो. मुलगी मावशींचा हात सोडून लांब जाऊन उभी राहिली. पहाटे मी पुसायचे तेव्हा ती झोपलेली असायची; मावशींनी चूक कबूल केली, म्हणून तिला वाटलं, हे त्यांनीच केलं. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. तिचा तो सुटलेला हात मला हवाच होता. पण मावशी टोपलीवर पदर धरून पावसाचे थेंब अडवत होत्या, स्वतः भिजत होत्या.

"फिनेल मी टाकलं," मी मुलीला म्हणाले. "मावशींनी मला नको म्हणून सांगितलं होतं."

"मग आत का नाही बोललीस?"

मावशी म्हणाल्या, "जाऊ दे बाळा, रिक्षा बघ."

गिनीपिग आठवड्याने खाऊ लागला. मुलीला माझ्याशी नीट बोलायला त्याहून जास्त दिवस लागले. मी मावशींची माफी मागितली आणि पिंजरा परत त्यांच्या हाती दिला. त्या म्हणाल्या, "रविवारी तुमी बी बसा की आमच्यात."

आता रविवारी मी ट्रे घासते आणि त्या दोघी गवत पसरतात. नाचाचं मुलीने मला अजून सांगितलेलं नाही. मावशींना ती काहीतरी कानात सांगते, दोघी हसतात, आणि माझा हात घासताना जरा जोरात चालतो.