दिल्लीला गेलेले झिंगे

मला राग पटकन येतो. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, आमच्या गिरणीवर धान घेऊन येणाऱ्यांना माहीत आहे, आणि एकेकाळी नागपूरच्या विमानतळावर माझ्या काउंटरसमोर रांगेत उभ्या राहिलेल्या अर्ध्या विदर्भाला तर नक्कीच माहीत असणार. मी तिथे एका विमान कंपनीत होते. प्रवाशाचं सामान घ्यायचं, त्याला टॅग लावायचा, बोर्डिंग पास द्यायचा आणि मग माइकवर गोड आवाजात घोषणा करायची. तो गोड आवाज आपण घरात एकदाही ऐकलेला नाही असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. मग कंपनी बंद पडली. आम्ही युनिफॉर्मची घडी घालून आपापल्या घरी गेलो. मी करडीला, सासरी, गिरणीवर बसायला लागले.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीने कुठून कुठून नंबर गोळा केले आणि आमचा एक ग्रुप काढला. पहिल्या दिवशी इतके मेसेज आले की मोबाईल गरम झाला. कोणाचं टक्कल, कोणाची सुटलेली कंबर, कोणाच्या मुलीचं लग्न. मी गिरणीवर बसून एकटीच हसत होते. धान घेऊन आलेले एक आजोबा माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाले, "बाई बरी हाय ना?"

दुपारपर्यंत ठरलंसुद्धा. नवीन चिन्नोर तांदूळ घरात आला होता, तेव्हा रविवारी सगळ्यांनी करडीला जेवायला यायचं. फक्त एक माणूस ग्रुपवर नव्हता. आमचे भाऊ.

भाऊ म्हणजे आमच्याकडचे लोडर. काउंटरवरून पट्ट्यावर गेलेलं सामान मागच्या बाजूला ट्रॉलीवर लावायचं आणि विमानात भरायचं हे त्यांचं काम. प्रत्येक बॅगेचा टॅग ते मोठ्याने वाचायचे, शाळेत हजेरी घेतात तसा. त्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. कंपनी गेल्यावर ते नवीन गावठाणात परतले आणि त्याच पाण्यात मासेमारी करायला लागले. मैत्रिणीने फोन केला तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. तिने मला लिहिलं, "तू कर फोन. तुला कोणी नाही म्हणत नाही, सगळे घाबरतात."

मी मोबाईल उपडा ठेवला. का, ते सांगते.

एका हिवाळी सकाळी आमची सिस्टीम बसली होती. कॉम्प्युटर बंद, दिल्ली आणि कोलकाता दोन्ही विमानं पंधरा मिनिटांच्या अंतराने, आणि सगळे टॅग हाताने लिहायचे. त्यात एक काका माझ्यासमोर आले. त्यांना खिडकीच पाहिजे होती. मी म्हटलं नाही. ते म्हणाले तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या. मग काय, मी त्यांच्याशी भांडत भांडत पुढच्या दोन प्रवाशांचे टॅग लिहिले. दोघांच्या बॅगा एकसारख्या, मरून रंगाच्या, बहुतेक एकाच दुकानातून घेतलेल्या. एकीत दिल्लीच्या लग्नातला नवरीचा शालू होता. दुसरीत कोलकात्याच्या जावयासाठी आपल्याकडचे सुके झिंगे, म्हणजे वाळवलेली कोळंबी होती.

दिल्लीला नवरीच्या मावशीने बॅग उघडली. मंडळी शुद्ध शाकाहारी. पुढचं मी सांगायची गरज नाही.

कोलकात्याच्या जावयाने शालूचं काय केलं ते कधी कळलं नाही, पण बॅगा परत आल्या तेव्हा दोन्हींचे टॅग तिकडेच फाडून फेकलेले होते. म्हणजे चूक काउंटरवर झाली की ट्रॉलीवर, याचा पुरावा नाही. आमच्या मॅनेजर सरांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि विचारलं, कोणाची चूक? मी बुटांकडे बघत राहिले. दुसऱ्या टोकाला भाऊंनी हात वर केला. म्हणाले, "दोन्ही ट्रॉल्या जवळजवळ होत्या सर. माझ्याच हातून इकडची तिकडं गेली असंल."

भाऊ त्या महिन्यात हेड लोडर होणार होते. झाले नाहीत. मी काउंटरवर गेले तर ड्रॉवरमध्ये हाताने लिहिलेल्या टॅगांचे काउंटरवर राहणारे मागचे तुकडे पडलेले. त्यात ते दोन होते, माझ्या अक्षरात, एकाचं गाव दुसऱ्याच्या नावापुढे. मी ते बारीक बारीक फाडले आणि चहाच्या कपात टाकले. माझ्यासाठी या माणसाने अंगावर घेतलं, किती मोठं मन, असं मनात म्हणत मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. सांगितलं मात्र कोणालाच नाही. कंपनी बंद होईपर्यंत नाही, नंतरही नाही.

तर मी फोन लावला. "भाऊ, मी बोलते. काउंटरवरची मॅडम."

"कोनती? ते भांडनारी?"

"हो, तेच."

"मॅडम, मी नाही येत. मले काय काम तिथं. तुमी सगळे मोठे लोक."

"मोठे कसले? मी इथं कोंड्याचे कट्टे भरून राहिली. रविवारी वहिनीला घेऊन या. नाही आले तर मी गोसीखुर्दला येऊन तुमच्या डोंग्यात बसीन आणि दिवसभर घोषणा करीन. एक मासा राहणार नाही पाण्यात."

पलीकडे कोणीतरी फोन हिसकावून घेतल्याचा आवाज झाला. मग वहिनींचा आवाज आला, "येतो आमी." फोन ठेवल्यावर मी ठरवलं की या वेळी सांगायचं. सगळ्यांसमोर. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जेवण झाल्यावर सांग. आधी सांगितलं तर कोणी जेवणार नाही."

रविवारी भाऊ आणि वहिनी एसटी बदलत बदलत सगळ्यांच्या आधी पोचले. भाऊंनी सगळ्यांसाठी सुके झिंगे आणले होते, कागदात बांधलेले पुडे. फक्त सरांसाठी नाही, कारण सर माळकरी. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज सुरू झाले. नागपूरहून नऊ जण एका ट्रॅव्हलर गाडीत निघाले होते आणि विमान खाली उतरताना द्यावी तशी खबर देत होते. शहापूर पार केलं. भंडारा दिसलं. चहासाठी थांबलो, उशिराबद्दल क्षमस्व.

गाडी फाटकाशी आली आणि भाऊंच्या अंगात काय आलं कोण जाणे. माझ्या मुलीच्या बॅडमिंटनच्या दोन रॅकेटी ओट्यावर होत्या, त्या उचलून ते खळ्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि विमानाला जागेवर आणतात तसे हात हलवायला लागले. आतले सगळे उठून खिडक्यांना चिकटले, टाळ्या, शिट्ट्या. गाडी बरोबर जागेवर आल्यावर भाऊंनी दोन्ही रॅकेटी डोक्यावर फुलीसारख्या धरल्या. आम्हा लोकांत त्याचा अर्थ थांब. बिचाऱ्या ड्रायव्हरला वाटलं, इथे यायचं नाही. त्याने गिअर टाकला आणि गाडी उलटी घेत थेट रस्त्यावर. आत नऊ माणसं ओरडतायत, बाहेर भाऊ रॅकेटी आणखी जोरात फुलीसारख्या धरतायत, आणि ड्रायव्हर आणखी जोरात मागे जातोय. शेवटी माझा नवरा चपला हातात घेऊन गाडीमागे धावला.

मी हसून हसून खाली बसले. माझी मैत्रीण गाडीतून उतरली ती थेट माझ्या अंगावर. "अवं, किती जाड झाली तू." मी म्हटलं, "तू आरशातून उतरून आली का?" आणि मग दोघी रडायला लागलो.

खाटा टाकल्या होत्या. आमच्यात एक जण विमानातल्या वजनाचा हिशेब ठेवणारा होता, कोणती बॅग पुढे, कोणती मागे. त्याने कोणालाच मनासारखं बसू दिलं नाही. "सर मधात बसा. तुम्ही दोघी टोकाला नका बसू, खाट शेपटावर पडल." मैत्रिणीने रागाने टोकालाच बूड टेकलं, आणि खाट खरोखर दुसऱ्या बाजूने उचलली गेली. सर चहासकट घसरले. सर नोकरीत असते तर मेमो निघाला असता. आता त्यांनी बशी पुसली आणि दुसरा चहा मागितला.

पाटोडीचा रस्सा, चिन्नोरचा भात, वरून तूप. मी ताट वाजवून माइकच्या आवाजात घोषणा केली, की भात पंगतीकडे रवाना होत आहे, ज्यांनी हात धुतले नाहीत त्यांच्यासाठी ही शेवटची सूचना. नवरा वाढता वाढता थांबला. म्हणाला, "हा आवाज खरंच होता तर."

जेवणं झाली. साध्या आवाजात बोलता येईना, म्हणून मी पुन्हा त्याच आवाजात सुरू केलं. कृपया लक्ष द्या. दिल्ली आणि कोलकात्याच्या मरून बॅगांबद्दल एक सूचना आहे. सगळे हसायला लागले. झिंगे, झिंगे, असं कोणीतरी ओरडलं. त्या बॅगांचे टॅग काउंटरवर उलटे लावले गेले होते, मी म्हटलं. आणखी हसू. ते मी लावले होते. मला त्याच दिवशी कळलं होतं, मी तुकडे फाडले आणि गप्प बसले. हसू एकेक करून थांबत गेलं. वजनवाला सगळ्यात शेवटी थांबला.

मी भाऊंकडे बघितलं. मला वाटलं होतं ते मान हलवतील, म्हणतील, माहीत होतं मॅडम, जाऊ द्या. वर्षानुवर्षं मी हेच वाक्य त्यांच्या तोंडी घालून ठेवलं होतं.

भाऊ म्हणाले, "म्हनजे थे मी नव्हतो?"

"नाही भाऊ. तुम्ही नव्हता."

"मले तर वाटे मीच टाकली."

मग ते वहिनींकडे वळले. "ऐकलं का वं? मी नव्हतो."

वहिनींनी पदराने तोंड दाबलं. मला म्हणाल्या, "मॅडम, हा मानूस घराले कुलूप लावते न् तीनदा वापस येते पाहाले. बाजारात मच्छी तोलते तर तीनदा. पोरीच्या लग्नाच्या पत्रिकांचे पत्ते, एकेक पत्ता तीनदा वाचला. मी म्हनो, काहून असं करता? तर म्हने, माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली हाय. तुमचा फोन आला तवा म्हने, कोनतं तोंड घेऊन जाऊ?"

मी इतकी वर्षं त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होते. त्यांनी मला वाचवलंच नव्हतं. त्यांना खरंच वाटलं होतं की चूक त्यांची, आणि तसं वाटायला मी मोकळं सोडलं होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. भाऊ उठून बाहेर खळ्यात गेले, धानाच्या तणसाच्या ढिगाला एक फेरी मारली आणि परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"सांगाले पायजे होतं मॅडम."

"हो भाऊ. पाहिजे होतं."

"कोनाशी भांडून राहिले होते तुमी तवा?"

"एका काकांशी. त्यांना खिडकी पाहिजे होती."

"मंग? देली?"

"नाही देली."

भाऊंच्या ओठाची एक बाजू हलली. मग दुसरी. मग ते असे हसायला लागले की त्यांना वहिनींच्या खांद्याला धरावं लागलं. हसता हसता डोळे पुसत होते, आणि मध्येच पुन्हा वहिनींना सांगत होते, "मी नव्हतो ना वं." आम्ही सगळेच हसत होतो आणि सगळ्यांची नाकं वाहत होती. सर उभे राहिले, खाकरले आणि त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "आजपासून तुम्ही हेड लोडर. ताबडतोब गाडी भरा."

निघताना प्रत्येकाला एक कापडी पिशवी होती. आत चिन्नोर, त्यावर झिंग्यांचा पुडा, तोंड शिवलेलं. सरांची पिशवी नुसत्या तांदळाची. सवयीने मी प्रत्येक पिशवीला नावाचा टॅग बांधला. मैत्रीण शेजारी उभी राहून सांगत होती की युनिफॉर्म आधी मला घट्ट झाला होता, तिला नाही. हे धादांत खोटं आहे आणि मी तिला ते पटवून देत होते.

भाऊंनी एकेक पिशवी उचलली, टॅग मोठ्याने वाचला आणि गाडीत ठेवली. एकदाच. वहिनी बघत होत्या. शेवटची पिशवी ठेवून त्यांनी दार ओढलं, दुसऱ्यांदा आत डोकावलेसुद्धा नाहीत, आणि ड्रायव्हरला अंगठा दाखवला. तो अर्थ ड्रायव्हरला कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. त्यांच्या बायकोने पिशवी देवघराशेजारी ठेवली होती आणि आता ती आंघोळ करून पुन्हा आंघोळीला गेली होती. मैत्रिणीचा मेसेज आला, माझ्या पिशवीत झिंगे नाहीत, हा काय भेदभाव. माझ्या तोंडाशी अगदी आलं होतं, की गाडीत भरताना काहीतरी झालं असेल. खरंच आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी सरांना फोनवर धरून ठेवलं आणि आदल्या दिवशीच भाऊंना ज्यात जोडलं होतं त्या ग्रुपवर दुसऱ्या हाताने लिहिलं, चूक माझी, टॅग मी लावला, भांडत होते.

मिनिटभरात भाऊंचा आवाजी मेसेज आला. आधी वहिनींचं हसणं, मागे पाण्याचा आवाज, मग ते: "मले वास आला होता मॅडम, सरच्या पिशवीतून. पन टॅग तुमचा होता. मी म्हटलं जाऊ दे, पाहू या खेपेले हात कोन वर करते."