नगरला समुद्र कुठंय?

पाण्यात उतरणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. होडीत बसलं की मोबाईल पिशवीत बंद, त्यामुळे जे घडतं त्याचा फोटो कुणाकडे नसतो. मग ते तोंडानंच सांगावं लागतं. आणि आमच्यात अशी पद्धत पडलीय, की दर वेळी सांगताना लाट वीतभर वाढते. ती माडाएवढी व्हायच्या आत हे सगळं एकदा सांगून टाकते.

*

सावेडीत माझं चष्म्याचं दुकान आहे. एकदा श्रीरामपूरचे जोसेफ सर आले. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले, काटक, बोलायला मोजके. चष्मा घालून बघितला, मान हलवून बघितली आणि म्हणाले, "याला दोरी लावून द्या. पाण्यात पडतो."

"पोहायला जाता का सर?"

"नाही. समुद्रात कयाक चालवतो."

कयाक मी टीव्हीवर पाहिली होती. लांबट, निमुळती होडी, एकट्यानं नाहीतर दोघांनी वल्हवायची. पण मी विचारलं ते नगरचा कुठलाही माणूस विचारेल तेच. "नगरला समुद्र कुठंय?"

"नाहीच," सर म्हणाले. "म्हणून तर सराव भरपूर होतो."

त्यांची मुलगी गोव्यात असते. तिथं ते कयाक शिकले. हिवाळ्यात एकदा कोकणात जायचं आणि बाकी वर्षभर राहुरीजवळ मुळा धरणाच्या मागच्या पाण्यात, रीतसर परवानगी काढून, सराव करायचा. "रविवारी बघायला या," म्हणाले. मी नुसती बघायला गेले. परत आले तेव्हा कंबरेपर्यंत भिजलेली होते आणि सरांच्या जीपच्या सीटवर वर्तमानपत्र पसरून बसले होते.

*

दोघांची कयाक सरांनी संभाजीनगरहून जुनी घेतली. वरून उघडी, बसकी. नवशिक्यांनी हीच घ्यावी, कारण उलटली तर माणूस आत अडकत नाही, नुसता बाजूला पडतो. ती जीपच्या टपावर बांधून आम्ही नगरकडे निघालो आणि घोडेगावला चहाला थांबलो. नेमका जनावरांच्या बाजाराचा दिवस होता.

चहा पिऊन आलो तर जीपभोवती घोळका. एक धिप्पाड माणूस, कलिंगड बघावं तसा, कयाकला टिचक्या मारून आवाज ऐकत होता. ते भाऊसाहेब. म्हशींचे व्यापारी.

"गव्हाण झ्याक हाय," ते म्हणाले. "पन टोकाला एवढी निमुळती कशापायी केली? म्हशीचं तोंड मावायचं न्हाई."

"यात म्हैस खात नाही," सर म्हणाले. "माणूस बसतो."

भाऊसाहेबांनी आधी होडीकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "कुनी बी?"

"कुणीही."

"मंग येतो मी."

घोळका हसला. पण रविवारी ते खरंच धरणावर हजर. सोबत बायको, मंगलताई. त्या मात्र पाण्यापासून चांगल्या लांब, बाभळीखाली जाऊन बसल्या.

*

भाऊसाहेबांना लाइफ जॅकेट नको होतं. "सर, मी विहिरीत पवायला शिकलोय. मला काय व्हतंय?"

सरांनी वाद घातला नाही. विचारलं, "बाजारात म्हैस उभी करता तेव्हा दावं कधी बांधता? ती पळायला लागल्यावर?"

"छ्या. पळाल्यावर कोन बांधू देतंय?"

"तेच. पाण्यात पडल्यावर जॅकेटसुद्धा कुणी घालू देत नाही."

भाऊसाहेबांनी मुकाट्यानं जॅकेट चढवलं. सरांनी खांद्याला धरून ते वर ओढलं तर थेट कानापर्यंत आलं. मग पट्टे आवळायला लावले. जॅकेट घातलं म्हणजे झालं नाही, कुणीतरी ते वर ओढून बघायला हवं, हे मी तिथं शिकले.

*

पहिल्या महिन्यात माझे खांदे इतके दुखायचे, की सोमवारी गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर चष्मा बसवायला हात वर जाईना. मी तक्रार केली.

"तुम्ही हातानं वल्हवता," सर म्हणाले. "हातानं वल्हं धरायचं फक्त. कंबरेतून वळायचं, जोर पोटातून यायला पाहिजे."

मागून भाऊसाहेब म्हणाले, "मंग मला जन्मल्यापासून तयारी हाय की."

*

सरांचा एक नियम होता. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे येताना तो पाठीवर असतो. दमलेल्या माणसाला वाऱ्यानं घरी आणलं पाहिजे.

हा नियम आम्हाला पाठ होता. कळला मात्र एका रविवारी, सर श्रीरामपूरला नात्यातल्या लग्नाला गेले होते तेव्हा. भाऊसाहेब आणि मी दोघांची कयाक घेऊन निघालो. वारा पाठीवर होता आणि होडी अशी पळत होती, की आम्हाला वाटलं आपण आता शिकलो. गप्पा मारत बरंच लांब गेलो.

मग वळलो. वल्हं मारतोय, मारतोय, आणि मंगलताई बसलेली बाभूळ आहे तेवढीच दिसतेय. श्वास घ्यायला थांबलं की होडी मागं जायची. पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागला. भाऊसाहेब बोलायचे थांबले, तेव्हा मला खरी भीती वाटली. माझे तळहात सोलून निघाले होते. घरी कुणाला काय सांगून निघालो होतो तेही आठवेना.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "ह्याच्याशी भांडून भागायचं न्हाई. आडवं जाऊ."

बाजूला टेकडीच्या आडोशाला पाणी जरा शांत होतं. तिकडं कशीबशी होडी घातली आणि चिखलात उतरलो. मोबाईलला रेंज नव्हती. रस्ता कुठं आहे ते माहीत नव्हतं. होडीला टेकून बसून राहिलो.

इकडं मंगलताईंना सरांनी एक काम देऊन ठेवलं होतं. परत यायची वेळ टळली, की वाट बघत बसायचं नाही, फोन करायचा. त्यांनी केला. लग्नाच्या मांडवातून सरांनी विचारलं, "वारा कुठून कुठं आहे?"

"ते मला कळत न्हाई सर. पन माझा पदर पान्याकडं उडतोय."

तेवढ्यावरून सरांनी ओळखलं, की आम्ही कुठल्या काठाला लागलो असणार. कुठला रस्ता धरायचा ते सांगितलं. मंगलताईंनी तिथल्याच एका शेतकऱ्याचा टेम्पो थांबवला आणि काठानं हाका मारत थेट आमच्यापर्यंत आल्या. आम्ही दोघं चिखलानं माखलेलो. भाऊसाहेब बायकोला म्हणाले, "कशाला एवढं घाबरायचं?"

"मला पान्याचं भ्या हाय," मंगलताई म्हणाल्या. "पन तुमाला न्हाई, ह्याचं त्याहून लई भ्या हाय."

तेव्हापासून काठावरच्या माणसानं 'जा' म्हटल्याशिवाय आमची होडी सुटत नाही. आणि काठावरचं माणूस म्हणजे मंगलताई.

*

त्यांच्या भीतीचं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. माहेरी धाकटा भाऊ विहिरीत गेला. त्या तेव्हा लहान होत्या, काठावर उभ्या होत्या. त्यानंतर त्या विहिरीपाशीच काय, कालव्याच्या कडेनंसुद्धा चालायच्या नाहीत. तरी नवऱ्याबरोबर दर रविवारी धरणावर यायच्या. "घरी बसून काळजी करन्यापेक्षा इथं डोळ्यापुढं बरं," म्हणायच्या.

एके दिवशी त्यांनी सरांना विचारलं, "जॅकेट घातलं की मानूस बुडतच न्हाई का?"

दुसरा कुणी असता तर 'अजिबात नाही' म्हणाला असता. सर म्हणाले, "तसं वचन मी देत नाही. पण श्वास घ्यायला आणि विचार करायला वेळ मिळतो."

मंगलताईंनी जरा विचार केला. "मंग मला बसवा. पन दोरी बांधून."

कयाकला लांब दोरी बांधली, दुसरं टोक बाभळीला. मंगलताई दोरी संपेपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. कित्येक रविवार असं चाललं. भाऊसाहेब काठावर बसून दोरीकडे बघत राहायचे, एकदाही हसले नाहीत.

पण सरांकडे शिकायचं तर एकदा मुद्दाम उलटावं लागतं. पडायचं कसं, होडी कशी धरायची आणि पोटावर झोपून, पाय मारत परत वर कसं चढायचं, हे आल्याशिवाय पुढं नाही. मंगलताईंची पाळी आली तेव्हा मी छातीएवढ्या पाण्यात त्यांचा हात धरून उभी होते. त्यांनी डोळे मिटले आणि कललेलं अंग तसंच जाऊ दिलं.

जॅकेटनं त्यांना लगेच वर आणलं. केस तोंडावर, नाकातोंडात पाणी. होडी धरून त्या बराच वेळ नुसत्या तरंगत राहिल्या.

"वर येता येतं की," त्या हळूच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी भाऊसाहेब नेहमीप्रमाणे दोरी बांधायला लागले. मंगलताई पदर खोचत म्हणाल्या, "अवो, ऱ्हाऊ द्या ती. म्हशीला बांधा."

*

हिवाळ्यात आम्ही चौघं कोकणात गेलो. पहिल्या सकाळी सरांनी कुणालाच पाण्यात उतरू दिलं नाही. ते कोळ्यांजवळ जाऊन बसले. भरती कधी, ओहोटी कधी, वारा कधी फिरतो, खडक कुठं, सगळं विचारून घेतलं. ओळख नसलेल्या समुद्रावर पहिला दिवस बघण्यात घालवावा, तो वाया जात नाही.

भाऊसाहेबांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "आपल्याकडं प्यायला टँकर येतो," ते म्हणाले, "आन् इथं एवढं सगळं नासवून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी उतरलो. सर आणि भाऊसाहेब तिथंच भाड्यानं घेतलेल्या एकेकट्याच्या कयाकमध्ये, मंगलताई आणि मी दोघींच्या. काठावर कोळ्यांपैकी एकाला सांगून ठेवलं होतं. पाणी संथ होतं, उन्हात चकाकत होतं. मंगलताई पुढं बसून एका लयीत वल्हं मारत होत्या.

परत येताना, किनारा अगदी जवळ असताना, भाऊसाहेबांची होडी लाटेला आडवी झाली. लाटेला टोक दाखवायचं, कूस दाखवायची नाही, हे त्यांना माहीत होतं, पण लक्ष किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडे होतं. उलटले. होडी हातातून सुटली. जॅकेटमुळे डोकं वर होतं, पण ते विहिरीत पोहल्यासारखे जोरजोरात हात मारत किनाऱ्याकडे निघाले आणि पाणी त्यांना मागं ओढत होतं. दम लागलेला लांबून दिसत होता. सर पुढं निघून गेले होते.

"ताई, वळवा," मंगलताई म्हणाल्या.

आम्ही वळवली. फार जवळ न जाता त्यांनी होडीचं मागचं टोक, जिथं धरायला मूठ असते ते, नवऱ्याकडे करायला लावलं.

"अवो, पवू नका आता. मागची मूठ धरा. धरली का? आता नुसतं पडून ऱ्हावा. श्वास घ्या."

भाऊसाहेबांनी मूठ धरली. तोंड उघडून काहीतरी सांगायला गेले.

"बोलू नका. मंग बोला."

लाटा फुटत होत्या त्याच्या बाहेर, शांत पाण्यात आम्ही थांबलो. सर रिकामी कयाक पकडून घेऊन आले. दोन्ही होड्या एकमेकींना लावून धरल्या आणि भाऊसाहेब पोटावर झोपून, पाय मारत वर चढले. मग एकामागून एक, लाट जाऊ देऊन, आम्ही वाळूला लागलो. भाऊसाहेब गुडघ्यावर बसून खोकत होते. मंगलताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, मग उठून आमचं वल्हं पाण्यातून उचलून आणलं.

दुपारी सगळे गाढ झोपलो. संध्याकाळी चहाचे ग्लास घेऊन वाळूवर बसलो होतो. सूर्य खाली उतरत होता. भाऊसाहेब बायकोशेजारी, जरा जास्तच जवळ बसले होते.

मंगलताई समोर बघत होत्या. म्हणाल्या, "सर, ह्या पान्याच्या पल्याड काय हाय?"

"सरळ गेलं तर?" सरांनी हात लांब केला. "अरबस्तान."

मंगलताईंनी पाण्याकडे अंदाज घेतल्यासारखं बघितलं. ग्लासातला चहा संपवला.

"मंग उद्या जरा लवकर निघावं लागंल," त्या म्हणाल्या.