गयाच्या टोळीचा दगड

मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात. मी बीडला गेले. बॅग भरताना आमच्या ह्यांनी एकदाच विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, आहे, म्हणूनच निघालेय.

मी सरकारी इस्पितळात सिस्टर होते, सगळी नोकरी वॉर्डात गेली. निवृत्त झाल्यापासून एक नाद लागलाय. लढाईच्या दिवसांत सेवा करता करता ज्या नर्सेस गेल्या, त्यांची गावं शोधायची, तिथे जायचं आणि या ब्लॉगवर लिहायचं. सैनिकांची नावं चौकाचौकात असतात. या बायकांची नावं घरातल्या लोकांनाही धड आठवत नाहीत. अंबाजोगाईच्या माझ्या जुन्या मैत्रिणीने माझा नंबर कुणाला तरी दिला आणि एका दुपारी फोन आला.

"ताई, मी सुभद्रा. माझी थोरली बहीण एकाहत्तरच्या लढाईत मेली. नर्स होती मिल्ट्रीत. तिच्या नावाचा दगड हाय आमच्या तळ्यात. तळं आटलंय, दगड उघडा पडलाय. येता का बघायला?"

"येते ना. पाऊस पडायच्या आत कधीही येते."

"पावसाचं न्हाई हो. गाळ काढायला मशीन यायचीय पुढच्या हप्त्यात. लौकर या."

मी दोन दिवसांनी निघाले.

पुणे ते बीड एसटीने जायचं असेल तर पहाटेची गाडी धरा, उन्हाळ्यात तर धराच. नगरपर्यंत रस्ता बरा होता. आष्टी मागे पडली आणि खिडकीतून येणारा वारा नको नको झाला. पत्रा तापलेला, सीट तापलेली, बाटलीतलं पाणी चहाला लावावं इतकं गरम. बाहेर शेतं नुसती उघडी पडलेली. मधेच एखादी चारा छावणी दिसायची. हिरव्या जाळीखाली गुरं उभी आणि त्यांच्याशेजारी बाजेवर माणसं, सगळा संसारच तिथे मांडलेला.

बीडच्या स्टँडजवळच्या लॉजमध्ये अंघोळीला एक बादली मिळाली. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, एकच हाय. कपडे धुवू नका." मी काय तिथे धुणं घेऊन गेले होते का! पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसले. जेवण मात्र फक्कड मिळालं. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. ठेचा जपून खा, वरून प्यायला पाणी मोजूनच मिळतं.

दुसऱ्या दिवशी परळीची गाडी पकडली. ही वडवणीवरून तेलगाव करत पुढे सिरसाळ्याकडे जाते. तेलगावच्या आसपास एरवी ऊस असतो म्हणे. मला उसाचे वाळके बुडखे दिसले. तेलगावला उतरून वडापच्या जीपने पुढे गेले. गावाचं नाव मी लिहीत नाहीये. सुभद्रामावशींनीच सांगितलं, "नाव नका घालू ताई. कसं बी असलं तरी गाव माझंच हाय."

मावशी फाट्यावर छत्री घेऊन उभ्या होत्या. सत्तरीच्या, काटक, पांढऱ्या लुगड्यातल्या. मला बघितल्यावर पहिलं वाक्य काय, तर "मशीन कालच आली."

"पुढच्या आठवड्यात येणार होती ना?"

"ट्रॅक्टरवाल्यांना गाळ पायजे शेतात टाकाया. त्यांनी घाई केली. मी कालपासून तिकडं गेले न्हाई. मला एकटीला धीरच हुईना."

घरी जाऊन पाणी तरी प्या म्हणाल्या. वाटेत सोसायटीचं ऑफिस लागलं, म्हणजे गावची विविध कार्यकारी सोसायटी, खत-बियाणं आणि पीककर्जवाली. तिच्यासमोर शहीद स्तंभ. संगमरवरी पाटी, वरून खाली सैनिकांची नावं, पायाशी वाळलेला हार. शेजारी नव्या गोदामाचं बांधकाम चाललेलं, कॉलमचे गज वर आलेले. मावशी स्तंभाकडे न बघता पुढे निघून गेल्या.

त्यांचं घर बौद्धवाड्यात, टोकाला. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली नर्सच्या टोपीतली एक मुलगी. गालाची हाडं मावशींसारखीच. टोपी अशी कडक की मला आमची ट्रेनिंगची वर्षं आठवली. ती गया.

छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि ठरवलं, पोरीला शिकवायचं. औरंगाबादला होस्टेल, मग नर्सिंग, मग लष्कराची नोकरी. "सुट्टीवर आली की अख्ख्या वाड्याची नखं तपासायची," मावशी म्हणाल्या. "हात धुतल्याबिगर जेवू द्यायची न्हाई. आमी लई शिव्या द्यायचो तिला." एकाहत्तरला ती पूर्वेकडे सरहद्दीजवळच्या इस्पितळात होती. निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ चालली होती. तिथे रोग्यांचं करता करता तिलाच पटकी झाली. तारेने बातमी आली. गया आली नाही.

पुढे सोसायटीने स्तंभ उभा करायचं ठरवलं तेव्हा मावशींचे वडील नाव सांगायला गेले. तेव्हाचा चेअरमन चारचौघांत म्हणाला, "गोळी लागून मेली का? हगवण लागून मेली. तिचं कसलं नाव?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पटकीचा वॉर्ड काय असतो हे त्या माणसाला माहीत होतं का? रोग्याच्या अंगातलं पाणी बघता बघता जातं, डोळे खोल जातात, आणि सिस्टर सलाईन लावत, बादल्या उचलत फिरत असते. तिथे टिकून राहायला छाती लागते. आणि खरं कारण हगवण नव्हतंच, ते वाड्याच्या वाटेवरच मला दिसलं होतं. मावशींनी ते तोंडाने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"मग तुमी दगड कसा लावला?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलता बोलता माझं 'तुम्ही' केव्हा 'तुमी' झालं कळलंच नाही.

तेव्हा मावशी पहिल्यांदा हसल्या.

बहात्तरच्या दुष्काळात या पाझर तलावाचं काम निघालं. बाप्ये मुंबईला निघून गेलेले, कामावर बायाच. खायला मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि वर सरकारी सुकडी. भरावाच्या आतल्या अंगाला दगड रचायचं काम टोळीटोळीने वाटून दिलेलं. आपण रचलेला पट्टा दुसऱ्या टोळीने आपला म्हणून मोजून घेऊ नये, म्हणून प्रत्येक टोळी शेवटच्या दगडावर आपली खूण करायची. टोळीला नाव असायचं ते पुढारी बाईचं.

"मस्टरवाला कारकून परगावचा. त्यानं इचारलं, टोळी कुणाची? मी बोलून गेले, गयाची. वडाराच्या बाईकडनं दगडावर नाव बी कोरून घेतलं. मग दर हप्त्याला पगाराच्या दिवशी सगळ्या गावापुढं तो वरडायचा, 'गयाबाईची टोळी!' आन् आमी समद्या वरडायचो, 'हाय!'"

"कुणी हरकत नाही घेतली?"

"चेअरमन तिथंच खुर्चीत बसलेला असायचा. तोंड असं करायचा! पर सरकारी मस्टर. काय करतो?"

तळं भरलं, दगड पाण्याखाली गेला. तेव्हापासून तळं तळाला गेलं की टोळीतल्या बाया गुपचूप जाऊन दगड धुऊन यायच्या. कुणाला सांगायच्या नाहीत. कळलं तर कुणीतरी उपटून फेकेल ही भीती. घरच्या पुरुषांनासुद्धा जागा माहीत नव्हती. यंदा मात्र मावशींनी मनाशी ठरवलं होतं. दगड काढायचा, माझ्यासारखी शहरातली, फोटो काढणारी बाई सोबत घ्यायची आणि चेअरमनला सांगायचं, हा स्तंभापाशी बसवा. "मी हाय तवरच हुईल ते ताई. माझ्यामागं तिला ओळखणारं कोण हाय?"

ऊन उतरल्यावर निघालो. वाटेत रहिमतबी येऊन मिळाल्या. टोळीतल्या आता या दोघीच उरल्यात. रहिमतबींच्या कमरेत बाक, पण जीभ तिखट. मी गयाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मेरेकू क्या पूछते? वो तो हमारी मुकादम थी. मरे बाद भी."

तळ्यावर पोचलो. धुरळा, डिझेलचा वास, ट्रॅक्टरची रांग. मावशी भरावावरून आतल्या बाजूला बघत राहिल्या. मग छत्री मिटून खाली बसल्या. रचलेल्या दगडांचा तो सगळा पट्टा उचललेला होता. उघडी पिवळी माती दिसत होती, नुकत्या काढलेल्या टाक्यांखालच्या कातडीसारखी.

आम्ही खाली उतरलो. काठाला दगडांचा एक ढीग उरला होता. दोघी म्हाताऱ्या एकेक दगड पालथा करून पदराने पुसायला लागल्या. मीही वाकले. तळ्यातल्या खड्ड्यावर पाण्याला आलेल्या वाड्यातल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि काही न विचारता हात लावला. मशीनवाला इंजिन बंद करून बघत बसला. ढीग संपला. कोऱ्या दगडांशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात आताचे चेअरमन गाडीवरून आले. पन्नाशीचे, सभ्य बोलणारे. त्या वेळच्या चेअरमनचे हे चिरंजीव. मी ओळख करून दिली, सगळं सांगितलं. त्यांनी मशीनवाल्याला हाक मारली.

"का रे, दगडावर नाव होतं ते दिसलं न्हाई का तुला?"

"गाळानं माखलेले समदे. कुणी सांगितलं बी न्हाई."

"इथले दगड कुठे गेले?" मी विचारलं.

चेअरमननी जरा घुटमळून सांगितलं, "गोदामाच्या पायात टाकले मॅडम. सोसायटीचा तेवढाच खर्च वाचला. काल दुपारीच वरून काँक्रीट झालं."

मग मावशी सावकाश म्हणाल्या, "म्हंजी सोसायटीपुढंच आली का ती? पर जमिनीत." आणि रहिमतबींकडे वळून, "आपुनच लपवून ठिवला गं. एकाला जरी सांगितलं असतं तर."

मला रडू आलं, लपवायचं कशाला. चेअरमनशी मात्र मी भांडले. पाया फोडा म्हटलं नाही, तेवढी अक्कल आहे मला. स्तंभावर नाव घाला म्हटलं. ते म्हणाले, "माझ्या एकट्याच्या हातात न्हाई. वार्षिक सभेत विषय घेऊ. सुभद्राबाई सभासद हाएत, त्यांनी अर्ज द्यावा." मी तिथेच भरावावर बसून अर्ज लिहून दिला. मावशींनी सही केली.

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. तेलगावला चहा घेतला, तो गोडमिट्ट होता. मोबाइलमध्ये फोटो होते ते पिवळ्या मातीचे आणि मातीने भरलेल्या चार हातांचे. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मिळाला का दगड?" मी नाही म्हटलं आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले. मग लाज वाटली आणि नळ बंद केला.

पावसाळ्यात मावशींचा फोन आला होता, तळं निम्मं भरलं म्हणून. पोस्ट लिहायला मी सभेची वाट बघत थांबले. ती परवा झाली. ज्यांनी सोसायटीची सभा पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: सेक्रेटरी माईकवर विषय वाचतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मंडपातून आरोळी येते, "मंजूर, मंजूर!" अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, गोदामाचा खर्च मंजूर. कुणी ऐकतसुद्धा नसतं. सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे.

"आपला विषय शेवटचा," मावशी फोनवर सांगत होत्या. "सेक्रेटरीनं वाचलं, कालकथित गयाबाई यांचं नाव स्तंभावर घेणे. आन् ताई, मंडप गपगार. एक बी मंजूर न्हाई."

"एकही नाही?"

"न्हाई. सेक्रेटरीला वाटलं माईक बंद पडला. त्यानं टकटक केलं आन् पुन्यांदा वाचलं, मोठ्यानं. गयाबाई! तर मागनं रहिमत वरडली, 'हाय!' ती सभासद बी न्हाई, दारात बसली होती. मग मी बी उठून वरडले, 'हाय!'"

मी विचारलं, "आणि ठराव?"

"ठराव बारगळला की," त्या म्हणाल्या. "पर नाव माईकवर दोनदा पुकारलं. सोताच्या तोंडानं पुकारलं त्यांनी."

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर मला कळवा, रस्ता मी सांगेन. तेलगावपर्यंत एसटी, पुढे जीप. पाणी सोबत घ्या. स्तंभावर तिचं नाव शोधू नका, ते तिथे नाही. शेजारच्या गोदामापुढे उभं राहा आणि गयाबाईची टोळी अशी मोठ्याने हाक मारा. वाड्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दोघी अजून आहेत.