चारशे झाडांची साल

मंगळवार, १४ मार्च. सकाळी धुकं, नऊनंतर ऊन. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलला. भाऊजी दुपारी डेपोतून छापील पत्रक घेऊन आले आणि हात न धुता वाचत बसले. आजवर असं एकदाच झालं होतं, तेव्हा तार आली होती.

ही नोंद वहिनींची. त्यांचे धाकटे दीर सरकारी लाकूडडेपोत मोजणीदार होते. भाऊ गेल्यापासून दोघं एकाच घरात राहत आणि बारीकसारीक गोष्टींवरून वाद घालत.

मोजणीदारांना डेपोत सगळे 'वजासाल' म्हणत. झाडाचा घेर मोजायचा, बारीक सुई खुपसून सालीची जाडी बघायची, ती वजा करायची आणि उरेल तेवढंच लाकूड धरायचं, हे काम ते एकोणिसाव्या वर्षापासून करत आले होते. पुढे सवय अंगात मुरली. कोणी म्हणालं, "लग्नाला पाचशे माणसं होती," तर हे मनातल्या मनात साल काढून सव्वातीनशेवर येत. वहिनींच्या हातच्या टोमॅटोच्या सुपाला एकदा "बरं झालंय" म्हणाले होते. ते निव्वळ होतं, म्हणून वहिनींनी तारखेसकट लिहून ठेवलं.

पत्रकाचं नाव एका दमात वाचून होत नसे: वनाधारित जैवअर्थव्यवस्थेतून शाश्वत आर्थिक वाढीचं राष्ट्रीय धोरण. आता प्लास्टिकच्या जागी लाकूड येणार होतं, लोखंडाच्या जागी लाकूड, कापडसुद्धा लाकडाचं. भुशाचं सोनं होणार होतं. हे सगळं गुळगुळीत प्लास्टिकच्या वेष्टनात आलं होतं.

त्यात दोन कलमं होती. एक असं, की यापुढे सालही उपयोगी माल आहे, तेव्हा मोजणी सालीसकट करावी. दुसरं असं, की जिथे वर्षाची वाढ दहा टक्क्यांवर जाईल तिथला बंद भाग तोडीसाठी खुला करता येईल. दोन्हींमध्ये एकोणीस पानं होती, त्यामुळे त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. ती डेपोच्या साहेबांनी करून दिली.

"मागच्या वर्षीचा आकडा साल वजा करून आहे," साहेब म्हणाले. "यंदाचा सालीसकट येईल. वाढ किती दिसेल?"

"चौदा टक्के," मोजणीदार म्हणाले. गणिताला त्यांना नाही म्हणता येत नसे.

"बघा! एक झाडही न वाढता!" साहेब खरोखरच हरखले होते. "वरचा उतार मोकळा होईल. तुमची सही झाली की पाठवून देतो."

वरचा उतार पस्तीस वर्षं बंद होता, कारण त्याच्या खाली घरं होती. एवढं साधं कारण. एका पावसात तिथली माती दोन घरांच्या मागच्या भिंतींपर्यंत आली होती. मग तोड थांबली आणि नमुन्याच्या चारशे झाडांना नंबरांचे पत्रे ठोकायला, तेव्हा कोवळ्या वयाच्या, याच मोजणीदारांना पाठवलं गेलं. दरवर्षी मार्चमध्ये ते त्या चारशे झाडांना भेटून येत. झाडं हळूहळू वाढत. सरकारी कामात हे खपून जात असे.

घरी आल्यावर ते टेबलावर बोटांनी ताल धरून बसले.

"सही करायची नसेल तर करू नका," वहिनी म्हणाल्या.

"मी नाही केली तर दुसऱ्याला आणतील. शिवाय हुकूम आहे, वहिनी. सालीसकट मोजा म्हणताहेत, आणि त्यात खोटं काहीच नाही. झाडाला साल असते."

"मागच्या वर्षी नव्हती?"

मोजणीदारांची बोटं थांबली. ते वहिनींकडे बघत राहिले.

"असं काय बघताय? माझ्या नाकाला काही लागलंय का?"

"सालीची जाडी," ते सावकाश म्हणाले. "वजा करायची म्हणजे आधी मोजावी लागते. प्रत्येक झाडाची लिहून ठेवलीय मी. शेवटच्या रकान्यात. ती कोणी कधी वाचत नाही."

"मग आपण वाचू. चष्मा आणते."

दोन रविवार गेले त्यात. वहिनी स्वच्छ, ठाशीव आवाजात आकडे वाचत, कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांसमोर पाढे म्हणावेत तशा. मोजणीदार मागच्या वर्षीच्या एकेका झाडाला त्याची साल परत चढवत. दोनशे बाराव्या झाडाशी वहिनी अडल्या.

"हा सात आहे की एक?"

"सातच. म्हातारं झाड आहे ते, जाड सालीचं."

"तुमच्यासारखं."

"वाचा, वाचा पुढे."

यंदाची मोजणी झाली आणि मोजणीदारांनी फॉर्म टेबलावर ठेवला, तेव्हा साहेबांनी आधी सही बघितली. मग आकडा.

"एक पूर्णांक आठ? चौदाचे एक पूर्णांक आठ कसे झाले?"

"सालीसकट आहेत, साहेब. हुकमाप्रमाणे. दोन्ही वर्षांचे."

"मागच्या वर्षाला साल लावायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"साहेब, मागच्या वर्षीही झाडं नागडी नव्हती."

साहेबांनी पंखा मोठा केला. मग पुन्हा लहान केला. "शेजारचा विभाग तेरा पाठवतोय! आपण राजधानीत तोंड कुठे लपवायचं?"

"नवा फॉर्म हवा असेल तर दुसऱ्या कोणाची सही घ्या. पण जुनी रजिस्टरं त्यालाही वाचावी लागतील. नाहीतर तपासणीत त्याचंच नाव येईल."

डेपोत सुई धरता येणारा दुसरा माणूस नव्हता, आणि तपासणी हा शब्द साहेबांना मानवत नसे. एक पूर्णांक आठ टक्के रवाना झाले.

दोन महिने काहीच आलं नाही. या दिवसांत मोजणीदार जेवताना कमी बोलत. पोस्टमन दिसला की चप्पल शोधत.

जूनमध्ये उत्तर आलं. ते रागावलेलं नव्हतं, उलट सहानुभूतीनं भरलेलं होतं. हा विभाग वाढीच्या बाबतीत मागास आढळल्याचं दुःखानं नमूद केलं होतं. मागास विभागांत बंद भाग पाच वर्षं खुले करता येणार नाहीत, असं धोरणाच्या परिशिष्टातच होतं. ते अजून कोणाला लागू पडलं नव्हतं, कारण मागास असं कोणी सापडतच नव्हतं. शिवाय वाढ कमी राहण्याची कारणं समजून घ्यावीत म्हणून संबंधित मोजणीदाराला राजधानीत तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवावं, असंही होतं.

साहेबांनी पत्र हातात दिलं. "या वयात शाळा! झाली ना शोभा?"

"झाली, साहेब." मोजणीदारांनी पत्राची व्यवस्थित घडी घातली. त्यांना आनंद झाला होता, बऱ्यापैकी झाला होता, आणि आज त्यातून काही वजा करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

घरी वहिनींनी पत्र दोनदा वाचलं. "विषय काय म्हणे? 'झाडांची वाढ वेगाने कशी करावी'?"

"हो."

"झाडांना नाही बोलावलं?"

मोजणीदार इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या संध्याकाळी वहिनींनी लिहिलं: गुरुवारपासून तीन दिवस दूध अर्धा लिटरच घ्यायचं. दूधवाल्याला सांगितलं.