ग्लेनिसकडे आलेला दाढीवाला सरडा

ग्लेनिस पेंगिलीनं आयुष्यात कधी कुत्रंसुद्धा पाळलं नव्हतं. ब्रोकन हिलच्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिनं एकोणतीस वर्षं चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. घरी आल्यावर आणखी कुणाची घाण काढायची तिची तयारी नसायची. नवरा कॉलिन खाणीत होता. त्याचा हात चालायचा. ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात ग्लेनिस लांब बाह्यांचा ब्लाउज घालून कामावर निघाली तरी कुणी काही विचारायचं नाही. बावन्नाव्या वर्षी बोलिंग क्लबच्या हिरवळीवर कॉलिनचं हृदय बंद पडलं. ती तेव्हा रडली ते दुःखानं की सुटल्याच्या आनंदानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मागं राहिला एकुलता एक मुलगा, ट्रॉय.

ट्रॉय बापासारखाच रुंद, बापासारखाच चारचौघांत हसरा. टीगन नावाच्या मुलीबरोबर तो आईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायचा. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी ग्लेनिस त्यांच्याकडे जर्दाळूचा मुरंबा द्यायला गेली. मागच्या दारानं आत शिरताना तिला स्वयंपाकघराची खिडकी दिसली. ट्रॉयनं टीगनचे केस मुठीत धरून तिचं डोकं फ्रिजवर दाबलं होतं आणि दुसऱ्या हाताची मूठ वर उचलली होती. ग्लेनिस आत गेली नाही. बाटली पायरीवर ठेवून ती गाडीत जाऊन बसली आणि तिनं पोलिसांना फोन लावला. पुढं कोर्टातही तिनं पाहिलं तसंच सांगितलं. ट्रॉयला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. बाहेर नेताना त्यानं आईकडे एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ट्रॉयचा शाळेपासूनचा दोस्त स्पड आपल्या गाडीच्या हौद्यात भलीमोठी काचपेटी घालून ग्लेनिसच्या दारात आला.

"मिसेस पी, हे ट्रॉयचं जनावर. इतके दिवस माझ्याकडं होतं. पण माझी बायको म्हणते, घरात एक तर हा राहील नाही तर मी."

"काय आहे त्यात?"

"दाढीवाला सरडा. त्यांच्या झोपायच्या खोलीत असायचा, तुम्ही पाहिला नसेल. चावत नाही. बहुतेक."

"ट्रॉय म्हणाला का, माझ्याकडे दे म्हणून?"

स्पडनं टोपी काढून डोकं खाजवलं. "खरं सांगू? तो म्हणाला, तिच्याशी मला बोलायचं नाहीये, पण दुसरं कुणी नाही."

पेटी बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या जागी बसली. टीव्ही झोपायच्या खोलीत गेला. पेटीत एक फांदी, एक सपाट दगड, वर दोन दिवे, आणि कोपऱ्यात दोन वीत लांबीचा, लाल मातीच्या रंगाचा, काटेरी गळ्याचा प्राणी. त्याच्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं. ग्लेनिस वाकून पाहायला गेली, तशी त्याची हनुवटी फुगली आणि बघता बघता कोळशासारखी काळी झाली.

"मलाही तू नकोच आहेस," ग्लेनिस म्हणाली.

असले सरडे तिनं जन्मभर पाहिले होते. गावाबाहेर सिल्व्हर्टनच्या रस्त्यावर कुंपणाच्या खांबांवर ते उन्हं खात बसलेले असतात, गाडी जवळ आली तरी हलत नाहीत. पण घरातला सरडा म्हणजे वेगळंच प्रकरण निघालं. स्पडनं दिलेल्या कागदावर चारच ओळी होत्या. दिवा सकाळी लाव, संध्याकाळी बंद कर. नाकतोडे. भाजी. पाणी. ग्लेनिसनं त्याच्यापुढं लेट्यूसची पानं ठेवली, त्यानं तोंड फिरवलं. नाकतोडे कुरियरनं डब्यातून आले. डबा उघडताना अर्धे निसटून फ्रिजमागं गेले आणि आठवडाभर तिथून किरकिरत राहिले. सरड्यानं पाच दिवस काही खाल्लं नाही.

शेजारीण वॅल चहाला आली ती पेटीपुढं खुर्ची ओढूनच बसली. "कॉलिनपेक्षा बरा दिसतो. बोलत नाही, पीत नाही."

"खातही नाही."

"मरू दे मग. तुझं काय जातं? ज्या पोराला तू आत टाकलंस, त्याचं जनावर तू कशाला सांभाळायचं?"

"मी आत टाकलं नाही, वॅल."

"बरं बाई. तो आपल्या पायांनी चालत गेला."

त्या संध्याकाळी ग्लेनिसनं तुरुंगाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. आधी मोठं लिहिलं, ते फाडलं. मग एवढंच लिहिलं: तो खात नाही. काय करू?

बाराव्या दिवशी उत्तर आलं. वर 'आई' नव्हतं, खाली नाव नव्हतं. सगळं पान सूचनांनी भरलेलं होतं. नव्या घरी आला की आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, नुसतं जवळ बसायचं, म्हणजे त्याला वासाची सवय होते. दगड चाळीस अंश तापला पाहिजे, दुसरा कोपरा पंचवीसच्या आसपास थंड. साधा दिवा पुरत नाही, अतिनील किरणांचा लांब नळीचा लागतो, तो नसला तर हाडं मऊ होतात. नाकतोडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. आधी कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचा. उरलेले नाकतोडे काढून टाकायचे, नाही तर ते त्यालाच चावतात. लेट्यूसमध्ये काही नसतं. भोपळा किसून दे.

ग्लेनिसनं ते पान फ्रिजवर चिकटवलं आणि त्याबरहुकूम सगळं केलं. पावडरीत घोळवलेले नाकतोडे पिठात लोळवलेल्या माशांसारखे दिसत. पहिल्या दिवशी त्यानं एक खाल्ला. एकच, पण जीभ अशी काही फटकन बाहेर आली की ग्लेनिस दचकली आणि एकटीच मोठ्यानं हसली. त्या घरात मोठ्यानं हसायची तिला सवय नव्हती.

मग पत्रं सुरू झाली. तिचं जायचं, दोन आठवड्यांत त्याचं यायचं. आज सात खाल्ले. कात टाकतोय, ओढून काढू का? ओढू नकोस, कोमट पाण्यात बसव. तो एक हात वर करून हळूच हलवतो, हे काय? म्हणजे तो तुला सांगतोय की तू मोठी आहेस, मला मारू नकोस. हे वाक्य ग्लेनिसनं दोनदा वाचलं आणि उत्तरात त्याबद्दल काही लिहिलं नाही. ट्रॉय त्याला 'बॉस' म्हणायचा, म्हणून तीही म्हणायला लागली. मे महिन्यात तो तिच्या छातीवर चढून हनुवटी गळपट्टीवर टेकून बसायला लागला. थंड पोटाचा, खरखरीत, पावशेर-दीडपावाचा जीव. ग्लेनिस त्याला तसाच घेऊन शब्दकोडी सोडवायची. सरड्याखेरीज कशाचाही उल्लेख त्या पत्रांत नसे. तरी पोस्टमनची मोटारसायकल गल्लीत वाजली की ती हातातलं काम टाकून उठायची.

जुलैत थंडी पडली आणि बॉसनं खाणं सोडलं. डोळे मिटून तो फांदीखाली पडून राहिला. तिनं बोटानं ढकललं तरी त्याचा पाय लुळा. ग्लेनिसनं पत्राची वाट पाहिली नाही. बुटाच्या खोक्यात टॉवेल घालून, त्यात गरम पाण्याची पिशवी ठेवून ती त्याला जनावरांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली.

डॉक्टरणीनं त्याला उलटंपालटं करून पाहिलं. "काही झालेलं नाही. हिवाळ्याची झोप आहे. पाणी ठेवा आणि त्याला त्रास देऊ नका." मग शेपटीवरून बोट फिरवून ती थांबली. "हा बिस्किट ना? टीगनचा?"

"नाही. हा बॉस. माझ्या मुलाचा."

डॉक्टरणीनं संगणकात पाहिलं. "बिस्किटच आहे. पाळायचा परवाना टीगनच्याच नावावर आहे. शेपूट दारात चिरडली होती तेव्हा मीच टाके घातले. बिचारी इथं बसून खूप रडली." तिनं मान वर करून ग्लेनिसकडे नीट पाहिलं. "मागच्या डिसेंबरात ती हा हरवला म्हणून इथं चिठ्ठी लावून गेली होती. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ग्लेनिस खोकं उचलून गाडीत आली. म्हणजे जामिनावर सुटल्यावर ट्रॉय त्या घरी गेला होता, आणि त्यानं बरोबर तीच गोष्ट उचलली होती जी गेल्यानं ती पोर सगळ्यात जास्त रडेल. कॉलिन असंच करायचा. ग्लेनिसच्या आईची चहाची किटली त्यानं भिंतीवर आपटली होती, ती काही किटलीवरच्या रागानं नव्हे.

घरी आली तर टपालपेटीत पत्र होतं. वर पहिल्यांदाच 'आई' लिहिलेलं होतं.

"आई, थंडी सुरू झाली असेल. तो झोपला तर घाबरू नकोस, मेलेला नसतो. तू त्याला चांगलं सांभाळतेस. ट्रॉय."

ग्लेनिस कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहून ते वाचत राहिली.

पुढं जे तिनं केलं त्याची तिला लाज होती. सहा आठवडे तिनं काहीच केलं नाही. पत्रं लिहिली. 'आई' या शब्दानं सुरू होणारी आणखी दोन पत्रं तिनं मिळवली. एकात ट्रॉयनं लिहिलं होतं की बाहेर आल्यावर आपण मागच्या अंगणात त्याच्यासाठी जाळीचं घर बांधू. 'आपण' असं लिहिलं होतं. ती रोज सकाळी स्वतःला सांगायची, झोपेतल्या जनावराला हलवणं बरं नाही. ऑगस्टच्या शेवटी बॉस जागा झाला, दगडावर येऊन बसला, भोपळा खाल्ला. आता सबब उरली नाही.

वॅलला तिनं सांगितलं तेव्हा वॅल चिडलीच. "गप्प बस ना! त्या पोरीनं दुसरा आणला असेल. पोरगा आता कुठं आई म्हणायला लागलाय."

"तो तिचा आहे, वॅल."

"आणि ट्रॉय कुणाचा आहे?"

शनिवारी ग्लेनिसनं स्पडला न बोलावता पेटी शेजारच्या दुकानदाराच्या गाडीत चढवून घेतली, आणि सरड्याला खोक्यात घालून टीगनच्या नव्या घरी गेली. टीगन आता बेकरीमागच्या एका खोलीत राहत होती. दार साखळी लावूनच उघडलं.

"काय हवंय?"

"याला आणलंय. मला माहीत नव्हतं तो तुझा आहे. म्हणजे, जुलैत कळलं."

टीगननं साखळी काढली. खोक्यात पाहिलं. तिनं त्याला उचललं, आणि त्याची हनुवटी फुगून काळी झाली. तो तिला विसरला होता. नऊ महिने म्हणजे त्याच्या लेखी फार.

"होईल सवय," ग्लेनिस म्हणाली. "आठवडाभर हात लावायचा नाही, नुसतं जवळ…"

"मला माहितीय. ट्रॉयला मीच शिकवलं ते सगळं."

फ्रिजवरचं ते पान ग्लेनिसच्या डोळ्यांसमोर आलं. दुकानदारानं पेटी आत ठेवली आणि तो बाहेर गाडीपाशी जाऊन थांबला.

"मी फोन केला त्या दिवशी…" ग्लेनिसनं सुरुवात केली.

"हो. केलास. सगळं गाव मला सांगतं, सासूनं वाचवलं तुला." टीगन सरड्याकडेच बघत होती. "चार वर्षं तू दर रविवारी यायचीस, ग्लेनिस. टेबलावर माझ्यासमोर बसायचीस. माझ्या मनगटाकडे बघायचीस आणि चहात साखर घालायचीस. तुला तर पहिल्याच रविवारी कळलं असणार. तुला नाही कळणार तर कुणाला?"

"हो," ग्लेनिस म्हणाली. "कळलं होतं."

"मग?"

ग्लेनिसला खूप काही सांगता आलं असतं. आपल्यालाही कुणी विचारलं नव्हतं, हे सांगता आलं असतं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, कारण ते खरं उत्तर नव्हतं. "पावडर पेटीच्या खालच्या कप्प्यात आहे," ती म्हणाली. टीगननं दार लावून घेतलं. साखळी चढवल्याचा आवाज आला.

ट्रॉयला तिनं त्याच दिवशी लिहिलं, काही न लपवता. त्याचं उत्तर आलं नाही. तिनं आणखी एक पत्र पाठवलं, ते न उघडता परत आलं. पोस्टमन गल्लीत यायचा आणि तिच्या दारावरून पुढं जायचा.

मे महिन्यात ट्रॉय सुटला. ग्लेनिसला ते स्पडकडून कळलं. स्पड पेटी मागायला आला होता.

"ट्रॉय क्वीन्सलंडला चाललाय, तिकडच्या खाणीत काम मिळालंय. म्हणाला पेटी विकून टाक."

"पेटीही टीगनचीच होती. तिच्याकडेच आहे."

स्पडनं खिशात हात घातले. तो वाईट माणूस नव्हता. लहानपणी शनिवारी दिवसभर याच घरी असायचा. "मिसेस पी, तुम्ही एकदा तरी त्याची बाजू घ्यायची होती."

"मी तीस वर्षं घेतली, स्पड. आधी बापाची, मग त्याची. त्यामुळंच हे झालं." मग तिनं विचारलं, "गावातून जाताना थांबणार आहे का इथं?"

"काल गेला," स्पड म्हणाला. "सकाळी."

टीगन त्या हिवाळ्यात ॲडलेडला निघून गेली. सरडा बरोबर नेला असणार. तिनं काही कळवलं नाही आणि कळवायचं काही कारणही नव्हतं. ग्लेनिसनं टीव्ही बैठकीच्या खोलीत परत आणला. वॅल म्हणाली, मांजर तरी पाळ. ग्लेनिस नको म्हणाली.

डिसेंबरात स्पडनं ट्रॉयचा पत्ता आणून दिला, मोठ्या मिनतवारीनं, माझं नाव सांगू नका म्हणून. ग्लेनिस नाताळच्या आधीच्या सोमवारी टेबलाशी कागद घेऊन बसली. 'प्रिय ट्रॉय, इथं त्रेचाळीस अंश आहे,' एवढं लिहून झालं. पुढं काय लिहायचं ते तिला सुचेना. किती खाल्लं, दगड किती तापला, कात कुठवर आली, असलं काही सांगायचं नसलं तर आपल्या मुलाला काय लिहायचं असतं, हे तिला येतच नव्हतं. दुपारभर ती बसून राहिली. मग पत्त्याचा कागद आणि ती एक ओळ तिनं एका पाकिटात घातली, पाकीट बंद केलं, आणि ते पोस्टात न टाकता इस्त्रीच्या कपड्यांच्या कपाटात, चादरींच्या घड्यांखाली सरकवून दिलं.